रविवारचा देश

पडद्यांपासून सुरुवात करू. साल १९४९, टोरांटो, रविवारची दुपार. तुम्ही यंग स्ट्रीटवर ईटन्सच्या अवाढव्य दुकानासमोर उभे आहात. दुकान बंद आहे, ते ठीक. पण काचांना आतून पडदेही ओढून घेतलेत. देवाच्या वारी कोट-टोप्यांकडे बघून कुणाचं मन चळू नये म्हणून. सिनेमागृहं बंद. मैदानं ओस, कारण तिकीट लावून रविवारी खेळ करायला कायद्याची परवानगी नाही. अंगावर उसना लोकरी कोट, ओन्टारियो सरोवरावरचा वारा सरळ कानात शिरतोय, आणि कारखान्यात सहा दिवस राबलेल्या माणसाला या शहरात सातव्या दिवशी करण्यासारखं काहीही नाही.

ॲलन लॅम्पोर्ट हे नाव लक्षात ठेवा. रविवारच्या खेळासाठी हा राजकारणी इरेला पेटलाय. १९५०च्या सुरुवातीला शहरात मतदान होतं आणि त्याची बाजू थोडक्यात जिंकते. पुढे तो महापौरही होतो. चर्चवाले त्याला शिव्या घालतात. पण युरोपातून नुकती उतरलेली माणसं, ज्यांना अजून धड इंग्रजी येत नाही, ती त्याच्यामुळे रविवारी बूट बांधून घराबाहेर पडू शकतात.

आता १९५६. ब्लूर स्ट्रीटवरून ट्राम खडखडत पश्चिमेला निघालीय, कारण या रस्त्याखाली भुयारी रेल्वे यायला अजून दहा वर्षं आहेत. डफरिनच्या चौकात उतरा. जवळच क्रोएशियन कॅथलिकांचं चर्च आहे, १९५१पासूनचं. मास संपलाय आणि लोक पायऱ्यांवर रेंगाळलेत, आपल्याकडे कीर्तन संपल्यावर देवळाच्या ओट्यावर रेंगाळतात तसे. त्यांतला एक बावीस वर्षांचा, राखी टोपीवाला पोरगा हेरून ठेवा. त्याला मी नाव देत नाही. असे शेकडो होते. ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या छावणीतून तो आला, उत्तरेला शूमाकर नावाच्या खाणगावात सोन्याच्या खाणीत राबला, आणि आता टोरांटोत बांधकामावर आहे. नखांत सिमेंट. त्याच्या कागदांवर देश म्हणून लिहिलंय युगोस्लाव्हिया. कुणी विचारलं, तर तो म्हणतो ह्रवात्स्का. समोरच्याला कळत नाही. मग तो म्हणतो, क्रोएशिया. तरीही कळत नाही. भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून दाखवावं, तर त्या नावाचा देशच तिथे नाही.

त्याच वर्षी या मंडळींचा फुटबॉल संघ उभा राहतो: टोरांटो क्रोएशिया. फुटबॉलला त्यांच्या भाषेत नोगोमेत म्हणतात, कारण नोगा म्हणजे पाय. संघाचं नाव ठरवताना फार खल झाला असेल असं मला वाटत नाही. शहरात तेव्हा सगळेच असं करत होते. इटालियनांचा टोरांटो इटालिया, युक्रेनियनांचा युक्रेनिया, पोलिशांचे पांढरे गरुड. त्या वर्षाअखेर बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे घुसले आणि नंतरच्या महिन्यांत ३७,०००हून जास्त हंगेरियन कॅनडात आले. त्यांच्यासाठी टोरांटो हंगेरिया होताच. तुम्हाला मुंबईचं पंचरंगी क्रिकेट आठवेल. हिंदू, पारसी, मुस्लिम, युरोपियन आणि उरलेसुरले सगळे 'रेस्ट'मध्ये. गांधीजींनी १९४०मध्ये त्याला विरोध केला आणि १९४६नंतर ते बंद पडलं, बरंच झालं. पण फरक ध्यानात घ्या: मुंबईतल्या हिंदू जिमखान्याला आपण अस्तित्वात आहोत हे कुणाला पटवून द्यायचं नव्हतं. या पायऱ्यांवरच्या पोरांना नेमकं तेच करायचंय.

आणि नाण्याला दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. १९४१ ते १९४५ या काळात क्रोएशिया नावाचं एक राज्य खरंच होतं. हिटलर आणि मुसोलिनीच्या छत्राखाली उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेने चालवलेलं. यासेनोवात्सच्या छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल झाली ती त्याच राज्यात. युद्धानंतर पळालेल्यांत निव्वळ गरिबीला आणि कम्युनिस्टांना कंटाळलेले लोक होते, तसे त्या राजवटीला मनातून न सोडलेलेही होते. क्रोएशियाची चौकडीची तांबडी-पांढरी ढाल एकाच्या डोळ्यांत पाणी आणते आणि पलीकडच्या गल्लीतल्या सर्ब माणसाच्या अंगावर काटा. दोघे शेजारी आहेत. दोघांची भाषा जवळजवळ एकच आहे. लवकरच, १९६८मध्ये, सर्बांचाही संघ निघेल, सर्बियन व्हाइट ईगल्स.

साठच्या दशकातला कुठलाही उन्हाळी रविवार घ्या. किंग स्ट्रीटच्या पश्चिम भागात स्टॅन्ली पार्क नावाचं मैदान आहे. भोवती कारखाने. त्यांतला एक मॅसी-फर्ग्युसनचा; हो, आपल्या ऊसपट्ट्यात तांबडे ट्रॅक्टर फिरतात ती कंपनी. मैदानावर गवत थोडं, माती जास्त. नॅशनल सॉकर लीगचे सामने इथे होतात. ही लीग १९२६पासूनची, निमव्यावसायिक. म्हणजे काय, ते खेळाडूंकडे बघून समजून घ्या. गोलक्षेत्रात उडी मारून चेंडू डोक्याने परतवणारा तो धिप्पाड बचावपटू उद्या सकाळी सातला विटांच्या परातीखाली असेल. सामन्यामागे हातात काही नोटा पडतात. कधी त्याहून मोलाचं काही मिळतं: एखाद्या मुकादमाच्या ओळखीने नोकरी, राहायला खोली. युरोपात वरच्या फळीत खेळलेले, तिशी उलटलेले खेळाडूही याच वाटेने येतात. क्लबचा खर्च निघतो फाटकावरच्या तिकिटांतून, सभासदांच्या वर्गणीतून, शनिवारच्या नाचातून आणि उन्हाळ्यातल्या सहलींतून, जिथे सळईवर अख्खं कोकरू फिरत असतं.

तुम्ही लाकडी बाकांवर बसा. तुमच्या डाव्या हाताला कोळशावरच्या मांसाचा वास आहे, चेवापीचा. कुणीतरी कोटाच्या आतल्या खिशातून राकियाची बाटली काढून पुढे करतं. नको म्हणू नका, पण घोट लहान घ्या. पंच स्कॉटिश आहे आणि त्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या कळत नाहीत, हे त्याचं भाग्य. राखी टोपीवाला तुमच्या पुढच्या बाकावर आहे, आता लग्न झालेला. मैदानावर सगळे ओरडतात ते एकच नाव. नव्वद मिनिटं ते नाव उघड्यावर, मोठ्याने आणि न घाबरता घेता येतं. त्याच्या मूळ गावात ते बाजारात याच सुरात घेतलं, तर पोलिसांचं बोलावणं येण्याची भीती.

या निमव्यावसायिक क्लबाने पुढे केलं ते आक्रीत आहे. १९७५मध्ये टोरांटो मेट्रोज नावाचा मोठा व्यावसायिक संघ कर्जात बुडत असतो. तो उत्तर अमेरिकेच्या बड्या लीगमधला, जिथे त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कने पेलेला आणलंय. मेट्रोजला प्रेक्षक नाहीत. टोरांटो क्रोएशियाकडे प्रेक्षक आहेत, आणि वर्गणी काढायची सवय. ते निम्मी भागीदारी घेतात. गल्लीतल्या तालमीने जिल्हा बँक विकत घ्यावी तसं काहीसं. लीगच्या अमेरिकन मालकांना पैसा हवा होता, नाव नको होतं. उपनगरातल्या गोऱ्या कुटुंबांना खेळ विकायचाय, तिथे हे कुठलं परदेशी लचांड? क्रोएशियन मात्र नावावरून हलत नाहीत. शेवटी तडजोड म्हणून दोन नावांच्या मध्ये एक आडवी रेघ येते. मेट्रोज-क्रोएशिया. चार वर्षांपूर्वीच पंतप्रधान पिएर त्रुदोंनी संसदेत बहुसांस्कृतिकता हे कॅनडाचं धोरण म्हणून जाहीर केलंय. धोरण कागदावर मोठं देखणं. जर्सीवर आलं की लोकांच्या पोटात दुखतं.

चला सिॲटलला, त्या बड्या लीगच्या अंतिम सामन्याला. २८ ऑगस्ट १९७६. आज रविवार नाही, शनिवार आहे, आणि हे पहिलं चुकल्यासारखं वाटणारं. दुसरं म्हणजे छप्पर. किंगडोम हे नवंकोरं स्टेडियम याच वसंतात उघडलं. वर काँक्रीटचा प्रचंड घुमट, खाली प्लास्टिकचं गवत. फुटबॉलला ऊन-वारा-चिखल लागतो असं मानणारे तुम्ही असाल, तर इथे श्वास कोंडल्यासारखा होईल. घड्याळ उलटं चालतं, शून्याकडे. मैदानावर एक जादा रेघ आहे: गोलपासून ३५ यार्डांवर, ऑफसाइडसाठी फक्त याच लीगने आखलेली. २५,०००हून जास्त लोक आलेत, पण जागा दुपटीहून जास्त असल्याने आवाज विखरून जातो. राखी टोपीवाला तुमच्या शेजारी आहे. टोपी आता हातात, केस विरळ. त्याने बायकोला न सांगता पैसे उचललेत, असं त्याच्या चेहऱ्यावरून तुम्ही ताडता.

समोर मिनेसोटा किक्स. घरच्या मैदानावर त्यांनी अलीकडेच जवळजवळ पन्नास हजार माणसं जमवली होती. ॲलन विली त्यांच्याकडे, दक्षिण आफ्रिकेचा पॅट्रिक 'एस' न्सोलेंग्वेही. सगळे पैज त्यांच्यावर लावतायत. इकडे आपल्या माणसांनी उपांत्य फेरीत गतविजेत्या टँपा बेला त्यांच्याच मैदानावर २–० हरवलंय, तरी कुणाला ते फार गंभीर वाटत नाही.

आता 'क्रोएशिया'च्या खेळाडूंवर नजर टाका. गोलरक्षक झेल्को बिलेत्स्की, क्रोएशियात जन्मलेला पण कॅनडाचा. बचावात रॉबर्ट इयारुसी आणि मधल्या फळीत कार्मिने मार्कान्टोनियो, दोघे टोरांटोच्या इटालियन मोहल्ल्यातले. जीन स्ट्रेनिसर पोलंडहून आलेला. व्होल्फगांग झ्यूनहोल्त्स जर्मन. इव्हाइर ब्राझीलचा. इव्हान लुकाचेविच, डामिर शुतेव्स्की, फिलिप ब्लाश्कोविच हे घरचे. प्रशिक्षक दोमागोय कापेतानोविच. आणि पुढे, गुडघ्यांवर पट्ट्या गुंडाळून, चौतीस वर्षांचा युसेबियो. ज्यांच्या नावाला 'फक्त एका जमातीचं' म्हणून नाकं मुरडली जातात, त्यांच्या संघात चार खंडांमधले लोक आहेत.

युसेबियोकडे जरा जास्त वेळ बघा, पुन्हा कधी मिळणार नाही. मोझांबिकचा मुलगा. डिसेंबर १९६०मध्ये तो लिस्बनला उतरला, तेव्हा गोवाही त्याच पोर्तुगीज साम्राज्यात होता. एका वर्षाने गोवा सुटला, मोझांबिकला आणखी चौदा वर्षं लागली. १९६२च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध त्याचे दोन गोल. १९६५मध्ये युरोपातला सर्वोत्तम. १९६६च्या विश्वचषकात नऊ गोल, सगळ्यांहून जास्त. नंतर गुडघे. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. आता तो धावत नाही, चालतो. मग मध्येच एकदा धावतो. पण उजवा पाय शाबूत आहे.

मध्यंतराला काही मिनिटं असताना फ्री किक मिळते. भिंत उभी राहते. युसेबियो दोन पावलं मागे जातो, फार नाही. मग तो जुना आवाज येतो, ओल्या फळीवर हातोडा पडावा तसा, आणि गोलरक्षक हलण्याआधी जाळी हलते. शेजारचा राखी टोपीवाला उभा राहून ओरडत नाही. खाली बसतो. दुसऱ्या अर्धात लुकाचेविच एक गोल मारतो, इव्हाइर आणखी एक. घड्याळ शून्यावर येतं. ३–०.

हा सामना सीबीएस वाहिनीवर दाखवला जातोय. निवेदक 'टोरांटो' म्हणतात, पुन्हा 'टोरांटो' म्हणतात, आणि रेघेपुढचा शब्द ओठांवर आणायचा टाळतात, असं जुने जाणकार वर्षानुवर्षं सांगत आलेत. स्टेडियममध्ये तुम्हाला ते ऐकू येणार नाही. तुमच्याभोवती मूठभर माणसं नेमका तोच शब्द घसा बसेपर्यंत ओरडतायत.

तेरा दिवसांनी, १० सप्टेंबरला, तोच शब्द सगळ्या वाहिन्यांवर असतो. क्रोएशियन राष्ट्रवाद्यांचा एक गट न्यूयॉर्कहून शिकागोला निघालेलं टीडब्ल्यूएचं विमान पळवतो. ते माँट्रियल, न्यूफाउंडलंडमधलं गँडर आणि आइसलंड करत पॅरिसला पोहोचतं. ग्रँड सेंट्रल स्थानकात त्यांनी ठेवलेला बॉम्ब हाताळताना एका पोलिसाचा जीव जातो. बांधकामावर आपल्या माणसाला सोमवारी कुणी युसेबियोच्या गोलाबद्दल विचारत नाही. मुकादम विचारतो, तुझी माणसं का ती? यावर काय उत्तर द्यावं ते त्याला सुचत नाही. तुम्हालाही सुचणार नाही.

त्यानंतर कथा झपाट्याने उतरते. बेसबॉलचा नवा संघ, ब्लू जेज, १९७७मध्ये बर्फात पहिला सामना खेळतो आणि शहराचं लक्ष तिकडे. मेट्रोज-क्रोएशियाचं कर्ज वाढतं. १९७९मध्ये ग्लोबल टेलिव्हिजन संघ विकत घेतं आणि नवं नाव देतं, ब्लिझार्ड. हिमवादळाला गाव नसतं, भाषा नसते, गुप्त पोलिसांची फाइल नसते, जाहिरातदार खूश. टोरांटो क्रोएशिया आपलं मूळ नाव उचलून मुकाट्याने नॅशनल सॉकर लीगमध्ये परततो, त्याच मातीत. ऑस्ट्रेलियातही पुढे हेच झालं: मेलबर्न क्रोएशिया 'नाइट्स' झाला, सिडनी क्रोएशिया 'युनायटेड'. इथे निदान नाव तरी वाचलं.

सामने आता बऱ्याचदा लॅम्पोर्ट स्टेडियमवर. हो, तोच लॅम्पोर्ट. किंग स्ट्रीटवरच, जिथे पूर्वी बायकांचा तुरुंग होता ती जागा.

१९९०च्या मे महिन्यात क्रोएशियात, झाग्रेबच्या माक्सिमिर स्टेडियमवर, क्रोएट आणि सर्ब पाठीराख्यांत दंगल पेटते. पुढच्या वर्षी युगोस्लाव्हिया फुटतो आणि युद्ध. आता क्लबच्या सहलीत कोकरू फिरतं तेव्हा बोलणी फुटबॉलची नसतात. टोरांटोच्या पश्चिमेला नॉर्व्हल इथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं केंद्र आहे. विशाल हिरवळ, मुलांच्या घसरगुंड्या, आणि मंडपाखाली पैशांच्या पेट्या. ऑटावात पिझ्झाच्या धंद्यात असलेले गोय्को शुशाक याच वर्तुळातून उठून क्रोएशियाचे संरक्षणमंत्री होतात. १५ जानेवारी १९९२ रोजी कॅनडा क्रोएशियाला मान्यता देतो. राखी टोपीवाला अठ्ठावन्नाचा होतोय. तो पासपोर्टच्या कचेरीत जातो आणि नकाशा विकत घेऊन येतो. बोट ठेवायला आता जागा आहे.

मग क्लबचं काय? हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नाही, मी विचारतोय. ज्या कामासाठी क्लब निघाला ते काम झालं. १९९८ला खरा क्रोएशिया विश्वचषकात तिसरा येतो, शुकर सहा गोल मारतो, आणि टोरांटोतली क्रोएशियन पोरं ते टीव्हीवर बघतात. त्यांना नाव ओरडायला लॅम्पोर्टच्या थंडगार बाकावर येण्याची गरज नाही. तरी संघ जिंकत राहतो. कॅनेडियन सॉकर लीगचं विजेतेपद २०००, २००४, २००७, पुढे २०११, २०१२, २०१५. २००७च्या अंतिम फेरीत समोर कोण, तर सर्बियन व्हाइट ईगल्स. तो सामना बघायचा असेल तर जरूर जा. त्या दिवशी गर्दी असते आणि पोलिसही. एरवी प्रेक्षक मोजायला दोन हातांची बोटं कमी पडत नाहीत, असं म्हटलं तर जराशीच अतिशयोक्ती होईल.

एक थांबा नकोसा आहे, पण गाळता येत नाही. सप्टेंबर २००९. ट्र्वा-रिव्हिएरच्या संघाविरुद्ध टोरांटो क्रोएशिया १–४ हरतो. लोक विसरूनही जातात. तीन वर्षांनी कळतं की जर्मनीतल्या बोखुमच्या न्यायालयात सट्टेबाजांवरचा खटला चालला, त्यात या सामन्याचं नाव आलं: हरण्यासाठी काही खेळाडूंना १५,००० युरो दिले गेले. आशियातल्या सट्टाबाजाराला कॅनेडियन सॉकर लीग सोयीची, कारण कुणी बघतच नसे. ज्या संघाला आपलं नाव जगाने ऐकावं एवढंच हवं होतं, त्याचं नाव सट्टेबाजांच्या यादीत सापडावं! २०१३मध्ये कॅनडाच्या फुटबॉल संघटनेने या लीगची मान्यताच काढून घेतली. टोरांटोने फुटबॉलच्या एखाद्या बड्या लीगचा चषक पुन्हा जिंकला तो २०१७मध्ये, टोरांटो एफसीने, सिॲटललाच हरवून. त्या रात्री १९७६ची आठवण काढणारे फार थोडे होते.

शेवटचा थांबा. २७ नोव्हेंबर २०२२, आणि वार रविवार. सकाळचे अकरा वाजायला आलेत. इटोबिकोमधल्या एका घराची बैठकीची खोली. राखी टोपीवाला अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. लवकरच्या मासला जाऊन आलाय, गुडघ्यांवर घोंगडी. नातू जमिनीवर बसलाय, कॅनडाची तांबडी जर्सी घालून. आजोबांच्या गळ्यात चौकडीचा मफलर, तोही तांबडा. कतारमध्ये कॅनडा आणि क्रोएशिया विश्वचषकात समोरासमोर येतायत. कॅनडाचा गोलरक्षक मिलान बोर्यान क्रोएशियातल्या क्निनमध्ये सर्ब घरात जन्मला. १९९५ साली क्रोएशियन फौजा आल्या तेव्हा कुटुंबासह पळाला, आणि अखेर हॅमिल्टनला मोठा झाला. आज क्रोएशियाचे काही पाठीराखे त्याला त्या पळण्यावरून डिवचणारा फलक फडकावणार आहेत, आणि फिफा त्यासाठी दंड करणार आहे. खोलीत हे अजून कुणाला ठाऊक नाही. निकालही ठाऊक नाही. तुम्हाला आहे: ४–१, क्रोएशिया. तुम्ही गप्प बसा.

शिट्टी वाजते. एक मिनिट आणि काही सेकंद. उजवीकडून चेंडू उंच येतो, अल्फोन्सो डेव्हिस उडी मारतो, आणि कॅनडाच्या पुरुष संघाचा विश्वचषकातला पहिला गोल होतो. नातू किंचाळत उठतो. तुम्ही मात्र आजोबांकडे बघत आहात, म्हणून तुम्हाला दिसतं: त्यांचेही हात टाळीसाठी वर आलेत. मग ते हळूच खाली येतात, घोंगडीची घडी सारखी करतात.

"अरे, ती खिडकी बघ," आजोबा म्हणतात. "टीव्हीवर ऊन येतंय. पडदा ओढ."